फिट येणारा माणूस

लासूर स्टेशनला आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले, तेव्हा सगळं बोलणं सासूबाईंनीच केलं. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. त्याचा मोठा भाऊ मोबाइलमध्ये गुंतला होता. माझ्या वडिलांनी नोकरीचं विचारलं, शेतीचं विचारलं, आणि शेवटी, विचारायचं असतं म्हणून, मुलाच्या तब्येतीचं विचारलं.

"एकदम फिट," सासूबाई म्हणाल्या. "आजवर डोकं दुखलं म्हून पडून राह्यलं नाय आमचं पोरगं."

वडिलांनी मान हलवली. विषय तिथंच संपला. मी आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर मला तो शब्द आवडला होता. मी तेव्हा नुकतीच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. मुलगा आयटीआय झालेला, वाळूजच्या एका कंपनीत पर्मनंट. ट्रेड फिटरचा. फिटर आणि फिट, चांगलं जमलं की, असं काहीतरी पोरकट माझ्या मनात येऊन गेलं. चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा मी थोडी हसतच होते. सासूबाईंना ते हसू आवडल्याचं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

लग्न झालं, आणि आम्ही मुकुंदवाडीत दोन खोल्या घेऊन राहायला लागलो. रेल्वेच्या पुलाच्या अलीकडे गल्ली होती. माझी शाळा सिडकोत, त्याला नेण्यासाठी कंपनीची बस जालना रोडवर यायची. माणूस शांत होता. त्याला एकच व्यसन होतं, सैल काही खपायचं नाही. घरात आल्या आल्या त्यानं गळका नळ खोलला, दाराच्या बिजागऱ्या घट्ट केल्या, कुकरचं हलणारं हँडल बसवलं, आणि प्रत्येक कामाच्या शेवटी तोच शब्द, "फिट्ट." माझ्या माहेरी नळ गळत असला तर त्याखाली बादली ठेवायची पद्धत होती. त्यामुळं मला या माणसाचं फार कौतुक वाटायचं.

काही गोष्टी तेव्हाच नजरेत यायला हव्या होत्या. तो मोटरसायकल चालवायचा नाही. वाळूजला नोकरी करणारा आणि गाडी न चालवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. विचारलं तर म्हणाला, "लहानपणी पडलो होतो, तेव्हापासून भीती बसली." रोज जेवण झालं की एक गोळी घ्यायचा. "व्हिटॅमिनची." आणि रोज त्या वेळेला सासूबाईंचा फोन यायचा, "गोळी खाल्ली का रं?" एवढ्या मोठ्या मुलाच्या व्हिटॅमिनची आई इतकी काळजी करते, याचंही मला कौतुकच वाटायचं. कौतुक करायला निघालेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही.

सीताफळं-पेरूंच्या दिवसांत एका रविवारी आम्ही दौलताबादला गेलो. किल्ला चढायचा नाही, नुसतं फिरून यायचं, असं तोच म्हणाला. त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, झोप धड झालेली नव्हती, तरी माझ्या हट्टापायी आला. रस्त्याच्या कडेला पेरूवाल्या बसल्या होत्या. त्यांच्यातली एक पेरू कापून त्याला तिखट-मीठ लावत होती. मी पर्समध्ये सुट्टे शोधत होते. तेवढ्यात माझ्या बाजूनं एक आवाज आला. ओरडणं म्हणावं तर ते माणसाचं वाटेना. वळून पाहिलं तर तो ताठ होऊन खाली चालला होता, लाकडासारखा. मग हातपाय झटकायला लागले, डोळे वर गेले, तोंडातून फेस यायला लागला.

"मिरगी है इसकू!" पेरूवाली ओरडली. "जूता सुंगाव, जल्दी जूता सुंगाव!"

माणसं धावली. कुणीतरी पायातला बूट काढून त्याच्या नाकाशी धरला. एकानं किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला. दुसरा कांदा कुठं मिळतो का बघायला गेला. मी काय केलं, तर त्याचे दोन्ही हात जिवाच्या आकांतानं दाबून धरले, जणू ते सुटले तर तो सगळाच सुटून जाईल. हे सगळंच चूक असतं हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की माझा नवरा मरतोय, रस्त्यात, आणि एका अनोळखी माणसाचा बूट त्याच्या तोंडावर आहे.

मेला नाही. थांबला, घोरायला लागला, मग हळूहळू डोळे उघडले. पँट ओली झाली होती. मी माझी ओढणी त्याच्या मांडीवर टाकली. त्याला जरा शुद्ध आल्यावर काय झालं, कुठं लागलं, असं काही त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "किती जणांनी पाहिलं?"

मी त्याच्या भावाला फोन लावला.

"फिट आली व्हय?" भाऊ म्हणाला. आवाजात घाई नव्हती की भीती नव्हती. "जरा कुशीवर करा. पाणी लगेच नका देऊ. उठंल तो, नवं नाय त्याला."

"नवं नाही म्हणजे?"

"बारकेपणापासून हाय की." मग त्यालाच शंका आली. "आईनं सांगितलं नव्हतं व्हय तुम्हाला?"

अशा रीतीनं तो शब्द माझ्या घरात दुसऱ्यांदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा तो निरोगी होता.

त्यांचं गाव तिथून जवळच. परत शहराकडे न जाता मी रिक्षा करून त्याला घेऊन थेट गावी गेले. सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. लेकाची पँट आणि माझी ओढणी पाहून त्यांना सगळं कळलं. त्यांनी त्याला आत नेऊन कपडे बदलायला लावले, बाजेवर निजवलं, आणि बाहेर येऊन परत मेथी हातात घेतली.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुम्ही आमच्या अप्पांना सांगितलं होतं, मुलगा फिट आहे."

"मग? हायच की. लंगडा हाय का आंधळा हाय?"

"त्यांना फिट येते."

"येती आन जाती. तापासारखं हाय ते. ताप येतो म्हून कुणी माणूस टाकून देतंय का?"

"सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी मेथीची काडी मोडली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "सांगितलं असतं तर दिली असती का तुझ्या बापानं?"

"नसती दिली."

"मग?"

त्या लाजल्या नाहीत, रडल्या नाहीत, माफीही मागितली नाही. इतकी वर्षं त्यांनी ते झाकलं होतं. शाळेत, भावकीत, कंपनीत भरती होताना, सगळीकडे. झाकणं हे त्यांच्या लेखी आईचं काम होतं, आणि ते त्यांनी चोख केलं होतं. माझ्यासारखी एक मुलगी त्या झाकणाखाली आली, तर त्याला त्यांचा इलाज नव्हता.

आत बाजेवर तो जागाच होता. सगळं ऐकत होता. मी म्हणाले, "तुम्ही तरी सांगायचं."

"आई म्हणायची, लग्न झालं की जाते."

"आणि गेली नाही तर?"

तो छताकडे पाहत राहिला.

वडील दुसऱ्याच दिवशी मुकुंदवाडीला आले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. "बॅग भर," म्हणाले. "फसवणूक आहे ही सरळसरळ. आपण वकील बघू." तो शेजारच्या खोलीत कंपनीच्या बसची वेळ व्हायची वाट बघत बूट घालून बसला होता, आणि मधे दार म्हणून नुसता पडदा होता. मी गेले नाही. पुढे नातेवाइकांत माझं मोठं नाव झालं, मोठ्या मनाची पोरगी म्हणून. तसं काही नव्हतं. लासूरला परत जाऊन स्टेशनवरच्या ओळखीच्या बायकांना काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. आणि त्या दिवशी रस्त्यात डोळे उघडल्यावर त्यानं जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी त्याच्यावर भयंकर चिडले होते. कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. पण चिडायचं ते इथं राहूनच चिडायचं, एवढं माझं ठरलं होतं. वडिलांनी त्यानंतर त्याला कधी जावई म्हटलं नाही. आजही फोनवर 'तुझा नवरा' असंच म्हणतात.

मी त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तोवर तो गावाकडच्या एका डॉक्टरनं फार पूर्वी लिहून दिलेली गोळी खात होता, ती कुणी बदललेली नव्हती. ही डॉक्टर तरुण होती. तिनं त्याच्याशी आधी बोलून घेतलं, मग माझ्याशी. तिनंच सांगितलं की फिट आलेल्या माणसाला काही हुंगवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ द्यायचं, आणि थांबेपर्यंत जवळ बसायचं. गाडी नको, उंचावरचं काम नको, जागरण नको, गोळी चुकवायची नाही.

"आणि नोकरी?" त्यानं विचारलं.

"करायची की. का नाही करायची?" ती म्हणाली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न त्यानं आजवर कुणालाही विचारलेला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

नवी गोळी लागू पडली. कितीतरी महिने काही झालं नाही. मी हळूहळू परत बोलायला लागले, आम्ही परत हसायला लागलो. फक्त रात्रपाळी तेवढी सुटत नव्हती. ती टाळायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायला तो तयार नव्हता. मी म्हणायचे, सांगा. तो म्हणायचा, कंपनी कशी असते तुला ठाऊक नाही. मी शाळेत शिकवते, मला वाटायचं, माणसाला नीट समजावून सांगितलं की कळतं.

एका सकाळी पाळी सुटताना कँटीनमध्ये त्याला फिट आली. मशीनवर असताना नाही, चहाचा कप हातात असताना. कप फुटला, हनुवटीला टाके पडले, बाकी काही झालं नाही. पण सगळ्या शॉपनं, म्हणजे त्याच्या विभागातल्या सगळ्यांनी, पाहिलं. त्या दिवसापासून त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. ज्या मित्राबरोबर तो भरती झाल्यापासून डबा खायचा, त्यानं जागा बदलली. शॉपमध्ये त्याचं नाव पडलं 'फिटवाला फिटर'. ते नाव त्या मित्रानंच पाडलं, हे त्यानं मला फार नंतर सांगितलं, आणि सांगताना मित्राचीच बाजू घेतली. "तो वाईट नाही गं. त्याला भीती वाटते."

कंपनीनं सर्टिफिकेट मागितलं. आमच्या डॉक्टरनं लिहून दिलं की उपचार चालू आहेत, फिरतं मशीन, उंची आणि रात्रपाळी सोडून हा माणूस काम करायला फिट आहे. कंपनीच्या डॉक्टरनं त्याला पाच मिनिटं तपासलं आणि लिहिलं, अनफिट. मग आम्हाला ऑफिसात बोलावलं. मी शाळेत रजा टाकून बरोबर गेले. साहेब माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुण्याकडचं. त्यानं मला आधी खुर्ची दिली.

"मॅडम, आमची पूर्ण सहानुभूती आहे," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत यांची एक तक्रार नाही. पण सेफ्टीचा प्रश्न आहे."

"स्टोअरमध्ये काय सेफ्टी?" मी म्हणाले. "ते आता स्टोअरमध्येच बसतात. तिथंच राहू द्या. आमच्या डॉक्टरनी लिहून दिलंय, काम करायला फिट आहेत."

साहेबानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते. एखाद्याला काही गंमत सुचली की येतं तसं.

"पण मॅडम, तुम्हीच सांगा, तुम्ही तर इंग्लिशच्या टीचर. फिट येणारा माणूस फिट कसा?"

तो हसला. शेजारी बसलेला क्लार्क हसला. आणि माझ्या बाजूला, हनुवटीवर टाक्यांची पट्टी असलेला माझा नवरा, तोही हसला. साहेब हसले की हसायचं असतं, तशा सवयीनं. मला तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. मी पर्सचा पट्टा धरून बसून राहिले. माझ्याकडे एम.ए.ची पदवी होती आणि तोंडात एक शब्द नव्हता.

राजीनामा त्यानंच दिला, स्वखुशीनं. तसंच लिहायचं असतं म्हणे. निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि एकानं भाषण केलं. फिटवाला म्हणणारा मित्र त्या दिवशी रजेवर होता.

त्यानंतर काही दिवसांनी नववीच्या वर्गात मी क्रियापदं घेत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मिस, फिटचं पास्ट टेन्स फिट की फिटेड?"

साधा प्रश्न होता. दोन्ही चालतात, असं सांगून मला पुढं जाता आलं असतं. मी म्हणाले, "उद्या सांगते," आणि खडू ठेवून दिला. मधल्या सुट्टीत लायब्ररीत जाऊन मोठा शब्दकोश काढला. खरं तर मला क्रियापदाशी काही देणंघेणं नव्हतं. मला साहेबाच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

ते तिथं होतं. फिट हा एक शब्दच नाही. कोशात ते वेगवेगळ्या आकड्यांखाली वेगवेगळे शब्द म्हणून दिलेले होते. अंगाला बसणारा कपडा, कामाला लायक माणूस, धडधाकट माणूस, हे सगळे अर्थ ज्या फिटचे, तो एक शब्द. त्याचं मूळ कुठलं, हे तिथं नक्की दिलेलंच नव्हतं. अनिश्चित, एवढंच. जो शब्द लावून जगभर माणसं ठेवतात आणि काढतात, त्याला स्वतःलाच आईबाप माहीत नाहीत. फिट येते ती फिट निराळी. ती फार जुन्या इंग्रजीतली. तिचा सुरुवातीचा अर्थ आजार नव्हताच. तिचा अर्थ झुंज, झगडा. मग त्याचा अर्थ झाला संकट, माणसावर आलेली कठीण वेळ. आजाराचा झटका हा अर्थ त्यानंतर कितीतरी शतकांनी चिकटला, आणि त्याच्याही मागून रागाची फिट, हसण्याची फिट वगैरे. आणि आणखी एक फिट होती, तीही जुनीच, आता कुणी वापरत नाही. तिचा अर्थ लांब कवितेचा किंवा गाण्याचा एक भाग. एका दमात म्हणायचा तेवढा तुकडा. ती झुंजीच्या शब्दाची बहीण आहे की कुणीच नाही, याबद्दल जाणकारांत एकमत नाही म्हणे.

मी तिथंच बसून राहिले. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी उठले नाही. डोक्यात आपलं मराठी फिटणं आलं. ते तर या सगळ्यांहून वेगळं, प्राकृतातून आलेलं, इंग्रजीशी त्याचा काडीचा संबंध नाही. कर्ज फिटतं, हौस फिटते, संशय फिटतो, डोळ्यांचं पारणं फिटतं. जे बांधलेलं, अडकलेलं असतं ते सुटतं. इंग्रजी फिट घट्ट बसतो, मराठी फिटणं मोकळं करतं. सासूबाई नेहमी म्हणायच्या, पोराला पर्मनंट नोकरी लागली आन माझे पांग फिटले. दोन भाषांतले हे इतके सगळे शब्द योगायोगानं एकाच आवाजाचे झाले, आणि त्या योगायोगावर एक साहेब विनोद करून मोकळा झाला. विनोद म्हणून तो वाईटही नव्हता. वाईट हे होतं की तो खरा धरला गेला. फिट येते म्हणजे फिट नाही, हे त्या ऑफिसातल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. कानाला पटलं, म्हणजे झालं.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो स्टुलावर बसून शेजारणीच्या मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होता. हातातलं काम न थांबवता त्यानं ऐकून घेतलं.

"म्हणजे झुंज म्हणायचं का त्याला?" तो म्हणाला.

"जुना अर्थ तो आहे."

"मी कुठं झुंजतो? मला तर काही आठवतच नाही. झुंजता तुम्ही लोक, मी पडल्यावर." मग भांडं उलटं करून बघत, "आता काय, साहेबाला डिक्शनरी नेऊन दाखवणार?"

मला तेच करायचं होतं. शाळेत बसून मी मनातल्या मनात ते इंग्रजीत पाठही केलं होतं. पण त्यानं विचारल्यावर ते किती हास्यास्पद आहे ते दिसलं. साहेबाला शब्दाचं मूळ माहीत नव्हतं म्हणून नोकरी गेली नव्हती. मूळ माहीत असतं तर त्यानं दुसरा विनोद केला असता. एवढं शिकून, एवढी पुस्तकं वाचून, माझ्या हाती जे लागलं ते कुणालाच दाखवता येण्यासारखं नव्हतं. वर्गात मात्र मी उत्तर दिलं. फिट आणि फिटेड, दोन्ही चालतं. मुलीनं वहीत लिहून घेतलं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा सासूबाईंनी मला एकटीला चुलीपाशी गाठलं.

"तू मोठ्या डाक्टरकडं नेलंस, तिथून सगळं सुरू झालं," त्या म्हणाल्या. "आमी इतकी वर्षं झाकलं. एक मानूस बोललं नव्हतं. तुझ्या हातात पोर दिलं, आन गावभर झालं."

"आत्याबाई, कँटीनमध्ये फिट आली ती डॉक्टरमुळं नाही. जागरणामुळं."

"जागरन तर आधी बी करत होता की."

वडिलांना वाटतं, त्या लोकांनी मला फसवलं. सासूबाईंना वाटतं, मी त्यांचं पोरगं उघडं पाडलं. दोघंही आपापल्या जागी इतके ठाम आहेत, की मधे आम्ही दोघं कसे राहतो हे दोघांनीही कधी विचारलेलं नाही.

नोकऱ्या त्यानं शोधल्या. आता झाकायचं नाही, असं त्यानं स्वतःच ठरवलं. मी सांगितलं नव्हतं. जिथं जाईल तिथं पहिल्यांदा तेच सांगायचा, मग कामाचं बोलायचा. कामाचं बोलायची वेळच यायची नाही. दोन-तीन कारखाने झाले, एक हार्डवेअरचं दुकान झालं, मोठ्या बिल्डिंगांमध्ये देखभालीची माणसं पुरवणारा एक ठेकेदार झाला. ठेकेदार तर चांगलाच वागला म्हणायचं. तो म्हणाला, "भाई, मुझे क्यूँ बताया? नहीं बताता तो रख लेता." त्या दिवशी घरी येऊन तो खूप वेळ बूट न काढता बसला. मला वाटलं, आता परत झाकणार. पण नाही.

मग त्यानं स्वतःचीच कामं घ्यायला सुरुवात केली. नळ, कुलपं, दारं, बिजागऱ्या, पाण्याचे फिल्टर. माझ्या शाळेतल्या बायकांच्या ओळखीनं सुरुवात झाली, मग एकीनं दुसरीला सांगितलं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो सिटी बसनं जातो, बस नसेल तिथं शेअर रिक्षानं. शिडीचं काम घेत नाही. दिवस मावळायच्या आत घरी. फोनवरच सांगून टाकतो, "मला फिट येण्याचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, बरेच दिवसांत आली नाही. आली तर कुशीवर करा आणि घरी फोन लावा." काहीजण म्हणतात, बरं, कळवतो. ते कळवत नाहीत. काहीजण या म्हणतात. नोकरीत जेवढं मिळायचं तेवढं यात नाही. घर बरंचसं माझ्या पगारावर चालतं, आणि ते त्याला लागतं. महिन्याच्या सुरुवातीला, माझा पगार झाला की, जरा गप्प असतो.

मागच्या महिन्यात सिडकोत एका बंगल्यावर त्याला बोलावलं होतं. बाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि या म्हणाल्या. स्वयंपाकघरातला नळ बदलायचा होता. तो ओट्याखाली वाकून काम करत होता, तेव्हा बाईंनी दोन्ही मुलांना हाक मारली, आतल्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावून घेतली. कडी पूर्ण सरकत नव्हती. बाई ओढत होत्या, ती अर्ध्यावर अडत होती, परत ओढत होत्या. ओट्याखालून त्याला ते सगळं ऐकू येत होतं. शेवटी एकदाची कडी बसली. काम झाल्यावर त्यानं बाहेरून हाक मारली, बाई बाहेर आल्या, नळ चालवून पाहिला, पैसे दिले.

"ताई, ती आतली कडी घासतेय," तो म्हणाला. "पट्टी वाकलीय जरा. करून देऊ का?"

बाई बाजूला झाल्या. त्यानं पट्टी सरळ केली, दोन स्क्रू बदलले, तेल सोडलं. मग कडी दोन-तीनदा लावून-काढून पाहिली. बोटानं ढकलली तरी सरकत होती. त्याचे वेगळे पैसे त्यानं घेतले नाहीत.

हे त्यानं मला जेवताना सांगितलं, हसत हसत. मला हसू आलं नाही. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि पाणी आणायला उठले.